मोजा काढून मोजा

बोरवडी विद्यालयाच्या दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा निकाल पडद्यावर झळकला तेव्हा बत्तीस नावांपैकी एकतीस हिरवी होती आणि एक लाल. लाल नाव ओवी लोखंडेचं. प्रयोग नेहमीचाच, लोलक हलवून गुरुत्वत्वरण काढायचा. उत्तर यायला हवं ९.८. ओवीचं आलं होतं ८.८४.

मुख्याध्यापिका थोरातबाईंनी कपाळाला हात लावला. सहा वर्षं शाळेचा निकाल शंभर टक्के लागत होता आणि तसा फलक त्यांनी फाटकावर ऑइलपेंटनं रंगवून घेतला होता. ऑइलपेंट खरवडून काढणं किती अवघड असतं ते फलक रंगवणाऱ्यालाच ठाऊक.

"पृथ्वीनं तुझ्यापुरतं ओढायचं कमी केलं का गं?" बाईंनी विचारलं.

वर्ग खदाखदा हसला. ओवी हसली नाही. "बाई, मी चारदा मोजलं," ती म्हणाली.

"मग चारदा चुकलीस."

चंचुपात्रांचा ट्रे घेऊन दाराशी उभे असलेले शिकलगारमामाही हसले नाहीत. मामा म्हणजे शाळेचे प्रयोगशाळा परिचर. चौतीस वर्षं त्यांनी बोरवडीच्या पोरांना परीक्षानळी कशी धरायची, बर्नर कसा पेटवायचा आणि आम्ल पाण्यात घालायचं की पाणी आम्लात, हे शिकवलं होतं. पगार परिचराचा, काम शिक्षकाचं, आणि मान मात्र मामाचा. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्यांचं पूर्ण नाव दस्तगीर बाबालाल शिकलगार. दस्तगीर म्हणजे हात धरणारा. हे नाव त्यांना आजोबांनी ठेवलं होतं, आणि ते पुढं राज्यभर गाजणार आहे याची त्या बिचाऱ्या आजोबांना काय कल्पना!

कारण उरलेल्या एकतीस पोरांच्या हातात जे काळं, पातळ, कोपरापर्यंत येणारं होतं, त्याचंही नाव दस्तगीरच होतं.

तो होता हातमोजा. पोरं नुसतं 'मोजा' म्हणायची. आपला हात हलतो तेव्हा मेंदूकडून विजेचा बारीकसा निरोप दंडातल्या स्नायूंपर्यंत येतो. तो निरोप कातडीवरूनही टिपता येतो. एखाद्या कसबी माणसाच्या हाताला दोनशे संवेदक चिकटवायचे, त्याला काम करू द्यायचं आणि कुठला स्नायू कधी, किती आवळला ते सगळं नोंदवून ठेवायचं. मग तीच नोंद उलटी फिरवायची. मोज्यातून नवशिक्याच्या स्नायूंना तसेच हलके विजेचे धक्के दिले की त्याची बोटं आपोआप त्या कसबी माणसासारखी हलतात. मुंग्या आल्यासारखं वाटतं, एवढंच. शिवाय तर्जनीच्या टोकाशी मण्याएवढा कॅमेरा होता. लोलक मध्यावरून गेला की तो टिपायचा, झोके मोजायचा, आणि नोंदीप्रमाणे अंगठ्याकडून घड्याळाचं बटण दाबून घ्यायचा. आलेला वेळ शाळेच्या पडद्यावर जायचा आणि उत्तर तिथंच छापून यायचं.

आणि खरं बोलायचं तर मोजा वाईट नव्हता. ज्या गावांत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं कपाट होतं, तिथली पोरंही आता न थरथरता आम्ल ओतत होती. गेल्या वर्षी राज्यात एकही पोर भाजलं नव्हतं. अकरा लाख मुलांच्या हातांत एक निष्णात हात शिरला होता, आणि तो हात होता बोरवडीच्या शिकलगारमामांचा.

मोजा बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतली मुख्य अभियंता शर्वरी चोपडे ही बोरवडीचीच. आठवीत तिनं पहिल्यांदा परीक्षानळी फोडली तेव्हा मामांनी तिच्या हातात दुसरी दिली होती आणि म्हणाले होते, "ही पण फोड. पण फोडताना बघ, कुठं जोर लागला." पुढं नोंद घ्यायला हात निवडायची वेळ आली तेव्हा मोठमोठ्या प्राध्यापकांना बाजूला सारून तिनं मामांना पुण्याला नेलं. नावही तिनंच दिलं. जाहिरातीत मामांच्या हाताचा फोटो होता आणि खाली ओळ: 'दस्तगीर, हात धरून शिकवतो.' मामांनी तो कागद घरी काचेच्या चौकटीत लावला होता. आलागेला पाहुणा चहा पिता पिता मान वर करून तो बघायचाच.

ओवीच्या हाताला मात्र हा मोजा मानवत नव्हता. तिच्या तळहातांना जन्मापासून घाम सुटायचा, बारा महिने, ठिबक सिंचनासारखा. ओल्या हाताला मोजा भलतेच धक्के द्यायचा. म्हणून तिला उघड्या हातानं प्रयोग करायची परवानगी मिळाली होती, उत्तर साडेनऊ ते दहाच्या आत यायला हवं या अटीवर. आता ती नापास झाली होती. प्रात्यक्षिकात नापास झालेल्याला अकरावी विज्ञानाचं दार बंद असतं, आणि ओवीनं तर सहावीपासून वहीच्या मागच्या पानांवर पुलांची चित्रं काढली होती. आठ दिवसांनी फेरपरीक्षा होती. ती शेवटची संधी.

मधल्या सुट्टीत मामांनी तिला मागच्या खोलीत नेलं. मोठ्या प्रयोगशाळेत आता मोजे चार्ज करायचे रॅक होते. जुनी उपकरणं या अडगळीत आली होती. कपाटाच्या दारावर जुन्या विज्ञानशिक्षिका पाटणकरबाईंच्या अक्षरात रंगानं लिहिलेलं अजून वाचता येत होतं: आधी अंदाज, मग हात, मग पुस्तक.

"बस हितं. दोरा किती?"

"एक मीटर. आकड्यापासनं गोळ्याच्या मध्यापर्यंत."

"वीस झोक्यांना किती वेळ लागंल? घड्याळ न लावता सांग."

"चाळीस सेकंद," ओवी म्हणाली आणि अंदाज वहीत लिहिला.

तिनं पितळी गोळा थोडा बाजूला ओढला, सोडला आणि बटण दाबताना म्हणाली, "लाभ!" गोळा जाऊन परत आला तेव्हा म्हणाली, "एक!" मग दोन, तीन. वीसला थांबली. घड्याळात चाळीस पूर्णांक एक.

ही मोजायची पद्धत अख्ख्या राज्यात फक्त बोरवडीत होती. झोके मोजताना प्रत्येक पोर एकच चूक करतं. गोळा सोडला की लगेच 'एक' म्हणतं, म्हणजे झोका पुरा व्हायच्या आधीच तो मोजून मोकळं होतं. पाटणकरबाई ओरडून ओरडून थकल्या. तेव्हा मामा नुकतेच शाळेत लागले होते. त्यांचे वडील शिकलगार असूनही सुऱ्यांना धार लावायचं सोडून मार्केट यार्डात मापाडी झाले होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. बाईंनी हे ऐकलं आणि टाळी वाजवली. "मग गोळा सोडताना सगळ्यांनी लाभ म्हणायचं. एक म्हणायचं ते गोळा परत आल्यावर!" त्या दिवसापासून बोरवडीत लाभ म्हणजे शून्य. तीस वर्षांत एकाही पोरानं झोका चुकवला नाही.

मामांनी बाहेर जाऊन कस्तुरी माळीला बोलावलं. ती ओवीची जिवाभावाची मैत्रीण, आणि तिचा मोजा हातात होताच. कस्तुरीनं गोळा सोडला, अंगठा आपोआप दाबला गेला, थोड्या वेळानं परत दाबला गेला. अडतीस पूर्णांक एक.

"किती झोके झाले?" मामांनी विचारलं.

"वीस."

"मोजलंस?"

"मी कशाला मोजू? मोजा मोजतो की."

ओवी आणि कस्तुरी दोघी फिस्सकन हसल्या. मामांना हसू आलं नाही. "परत कर," ते म्हणाले. "ओवी, तू मोठ्यानं मोज."

कस्तुरीनं परत गोळा सोडला. ओवी मोजू लागली. लाभ, एक, दोन. सतरा, अठरा, एकोणीस, आणि टक् करून कस्तुरीचा अंगठा बटणावर बसला.

"मामा, एकोणीसच झाले."

"तू चुकलीस."

"परत मोजू?"

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एकोणीस. मामांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "त्यो अंगठा माझा हाय," ते जरा जोरातच बोलले. "चौतीस वर्षं ह्या अंगठ्यानं घड्याळ दाबलंय. त्यो चुकायचा न्हाई. जा वर्गात."

ओवी उठली. दाराशी थांबून म्हणाली, "मामा, तुमीच म्हणता ना, मापणाऱ्याचं तोंड बघायचं न्हाई, माप बघायचं."

ती गेली, आणि मामा त्या थांबलेल्या गोळ्याकडं बघत बसले. त्यांना राग आला होता. पोरीचा नव्हे, ती खरं बोलत असावी याचा.

संध्याकाळी घरी मामांची बायको रबिया तांदूळ मोजत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीची माणसं जेवायला यायची होती. मामा चहाचा पेला घेऊन पायरीवर टेकले होते. रबियानं पोत्यात मापटं बुडवलं, काठोकाठ भरलं आणि परातीत ओतलं. "बरकत," ती म्हणाली. दुसरं ओतलं. "दोन." तिसरं. "तीन."

पेला मामांच्या ओठाशी तसाच राहिला.

पस्तीस वर्षं हे कानावर पडत होतं. यार्डात लाभ, घरात बरकत. शब्द वेगळा, हिशेब तोच. लाभनंतर दोन. लाभ म्हणजेच एक! शून्य होता तो पाटणकरबाईंच्या वर्गात, पोरांच्या गलक्यात. पण हाताची नोंद घेतली त्या पुण्याच्या स्टुडिओत पोरं कुठं होती? पांढरेशुभ्र दिवे, हाताला दोनशे वायरी, काचेपलीकडं सुटाबुटातली माणसं. "मामा, आवाज नको, मनातल्या मनात मोजा," असं कुणीतरी म्हणालं होतं. मनातल्या मनात ते बाबालाल मापाड्याचं पोर होऊन बसले होते, आणि पोरानं मोजलं ते बापासारखं. लाभ, दोन, तीन.

"रबिया, मी चुकलो," ते म्हणाले.

"कशात?"

"मोजण्यात. अकरा लाख पोरांच्या हातानं चुकलो."

रबियानं मापटं खाली ठेवलं. भिंतीवरच्या चौकटीकडं एकदा बघितलं, मग नवऱ्याकडं. "मग सांगून टाका जाऊन," ती म्हणाली. "तुमच्या चुकीपायी पोरगी मरायची का काय?"

शर्वरीनं पहिल्याच घंटीला फोन उचलला. "मामा! तब्येत बरी ना?" मामांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. लाभ, बरकत, एकोणीस झोके.

"मामा, आम्हाला माहीत होतं," शर्वरी म्हणाली. "म्हणजे कारण माहीत नव्हतं. पहिल्या चाचणीत उत्तर दहाच्या पुढं गेलं, दहा पूर्णांक शहाऐंशी. आम्हाला वाटलं कॅमेरा उशिरा पकडतोय. म्हणून प्रणालीत एक गुणक घातला. काहीही आलं तरी त्या गुणकानं गुणायचं, की उत्तर बरोबर नऊ पूर्णांक आठ."

मामांना एकदम सगळं उलगडलं. मोज्याचं चुकलेलं माप गुणक दुरुस्त करत होता. आणि ओवीचं बरोबर माप तोच गुणक बिघडवत होता.

"म्हंजे तुमी उत्तर जुळवलं," मामा म्हणाले. "प्रयोगवहीत आधी अनुमान लिहून मग निरीक्षणं भरणारी पोरं असायची, तसं."

"मामा..."

"नववीत तू केलतंस तसं. मी पान फाडलं होतं तुझं."

"आठवतंय." तिचा आवाज बारीक झाला. "पण आता पान एक नाही. अकरा लाख निकाल लागलेत. आता चूक मान्य केली तर सगळे परत तपासायचे. आणि लोक कंपनीला नंतर विचारतील, आधी तुम्हाला. दस्तगीरचा हात चुकला म्हणतील. फोटो तुमचा आहे, नाव तुमचं आहे. मे महिन्यात तुमचा सत्कार ठरलाय मामा, मुद्दाम तुमच्यासाठी. मी तो होऊ देणार आहे."

"आणि ओवी?"

"एक मुलगी आहे. मी बघते काहीतरी."

"एक हाय म्हणून तर फोन केला," मामा म्हणाले. "दहा हजार असत्या तर तुमीच धावत आला असता."

दुसऱ्या दिवशी थोरातबाईंनी ओवीला आणि मामांना खोलीत बोलावलं. बाई दुष्ट नव्हत्या. आपल्या शाळेतलं पोर पुढं जावं असं त्यांना मनापासून वाटायचं, फक्त त्या 'पुढं'ची व्याख्या फाटकावर रंगवलेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार ओढून घेतलं.

"मग सोपंय की. फेरपरीक्षेला एक झोका कमी मोज. अडतीस सेकंदांना थांब. उत्तर नऊ पूर्णांक आठ येईल, तू पास, विषय संपला. दोन सेकंदांसाठी कुणी आयुष्य घालवतं का?"

ओवी खाली बघत होती. तिच्या बोटांच्या टोकांवरून घामाचे थेंब फरशीवर पडत होते. तिनं मामांकडं मान वळवली. "मामा, थांबू एकोणीसला?"

मामा खूप काही बोलू शकले असते. पण पोरगी पंधरा वर्षांची होती आणि पूल तिला बांधायचे होते, त्यांना नव्हे. दुसऱ्याच्या जिवावर शूर होणं सोपं असतं. "तुझा हात हाय," ते म्हणाले. "मी सांगणार न्हाई."

"तुमी काय केलं असतं?"

"मी तर आधीच एकोणीसला थांबलोय पोरी. बघ की, काय झालं त्याचं."

ओवीनं हात स्कर्टला पुसले. "मग माझे वीसच," ती बाईंना म्हणाली.

ही गोष्ट वर्गात पोचायला मधली सुट्टीसुद्धा लागली नाही. कस्तुरी होती ना. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मागच्या खोलीत पाच-सहा पोरं जमू लागली, मग दहा, मग जागा पुरेना म्हणून लोलक पिंपळाच्या फांदीला टांगले. मामांनी कुणालाही बोलावलं नाही आणि कुणालाही हाकललं नाही. त्यांनी फक्त जुनं काम परत सुरू केलं. आधी अंदाज लिहायला लावला. मग दोरा दुप्पट केला तर वेळ दुप्पट होईल का, विचारलं. सगळी हो म्हणाली आणि सगळी चुकली. गोळा जड केला तर? परत चुकली. चुकलेलं खोडायचं नाही, त्याच्या शेजारी बरोबर लिहायचं, हा मामांचा नियम. पहिल्या दिवशी उघड्या हातांची बोटं बटणावर कधी लवकर पडत होती, कधी उशिरा. कस्तुरीला तर रडू फुटलं. "माझा हात मला ऐकंना मामा," ती म्हणाली. दोन वर्षं तिच्या हातानं दुसऱ्याचंच ऐकलं होतं. चौथ्या दिवशी तो तिचं ऐकायला लागला.

फेरपरीक्षेला पर्यवेक्षक म्हणून पुण्याहून शर्वरीच आली. मुद्दाम मागून घेऊन आली होती. मामांच्या पाया पडायला वाकली तेव्हा मामांनी तिचा हात धरून तिला उभं केलं. मोठ्या प्रयोगशाळेत पडदा लागला होता. नियमानं फेरपरीक्षेला कुणीही बसू शकत होतं. फक्त नवा निकाल जुन्याच्या जागी जायचा. बसणारी एकटी ओवी, अशीच सगळ्यांची समजूत होती.

शर्वरीनं हळू आवाजात मामांना सांगितलं, "मी आज तिच्यापुरता गुणक काढून टाकते. नऊ पूर्णांक आठ येईल. कुणाला कळणार नाही. ती पास, तुमचं नाव शाबूत."

"आणि बाकीची?" मामांनी विचारलं. "घामट हाताची पोरं फक्त बोरवडीतच जन्मत्यात व्हय?"

मामा पुढं झाले, रॅकवरचा एक मोजा उचलला आणि कोपरापर्यंत चढवला.

"मामा, तुम्ही परीक्षार्थी नाही!"

"न्हाई. मी प्रश्नपत्रिका हाय," मामा म्हणाले. "ओवी, मोज मोठ्यानं."

त्यांनी गोळा सोडला. वीज दंडातून सरसरत गेली आणि अंगठा दाबला गेला. स्वतःचाच हात, दोन वर्षांपूर्वीचा, पांढऱ्या दिव्यांखाली भेदरलेला, त्यांच्या हातात शिरून बसला. त्याची त्यांना दया आली. ओवी मोजत होती. सतरा, अठरा. एकोणीसला त्या जुन्या हातानं अंगठा खाली ओढला. मामांनी दात आवळून तो वर धरला. दंडाच्या शिरा टरारल्या. मोजा बीप करायला लागला, धक्के वाढले, अंगठा बटणाच्या वर केसभर अंतरावर थरथरत राहिला. दोन सेकंद. ते त्यांना लहानपणी वडिलांबरोबर यार्डात उचललेल्या पोत्यांपेक्षा जड वाटले.

"वीस!"

अंगठा खाली आला. चाळीस पूर्णांक एक. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'हात जुळत नाही. कृपया दस्तगीरप्रमाणे हालचाल करा.'

सगळ्या वर्गाला हसू फुटलं. मामांनी मोजा काढला, टेबलावर ठेवला आणि शर्वरीकडं वळले. "दस्तगीर चुकलाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी चुकलो. लाभला एक म्हणालो. हे मी लिहून देतो, सही करतो, फोटोखाली छापा. ह्या पोरीचं माप बरोबर हाय."

मग ओवी उभी राहिली. हात पुसले, गोळा सोडला. "लाभ!" चाळीस पूर्णांक एक. पडद्यानं गुणक लावला. ८.८४, लाल. तिनं वहीत तेच लिहिलं आणि त्याच्याशेजारी, स्वतः कागदावर आकडेमोड करून, ९.८. दोन्हींखाली सही केली.

"पुढचा," ती सवयीनं म्हणाली. पुढचा कुणी नव्हता. पण कस्तुरी उठली. तिनं मोजा काढला, घडी घालून बाकावर ठेवला.

"अगं, तू पास आहेस!" थोरातबाई ओरडल्या. "बसू नकोस, तुझं हिरवं लाल होईल!"

"होऊ दे बाई," कस्तुरी म्हणाली. "मोजा काढून मोजणार मी." आणि गोळा सोडला. "लाभ!"

तिच्या मागं दुसरा उठला, तिसरी उठली. बाकांवर मोज्यांच्या घड्या पडत गेल्या. थोड्या वेळात एकेकानं मोजायचं सोडून सगळा वर्गच मोजत होता, एक, दोन, तीन, खिडक्यांच्या काचा हादरतील एवढ्या मोठ्यानं, आणि बाहेर पिंपळाखाली नववीची पोरंही त्यांच्या तालात ओरडत होती. पडद्यावर एक एक हिरवं नाव लाल होत गेलं. एकोणचाळीस पूर्णांक नऊ. चाळीस पूर्णांक दोन. चाळीस. कुणाचंही अगदी एकासारखं एक नव्हतं, आणि कुणाचंही अडतीस नव्हतं.

मामा रडत होते. रुमाल काढायचंही त्यांना भान नव्हतं.

एक पोर नापास झालं तर दोष पोराचा, असं आपल्याकडं फार जुनं शास्त्र आहे. बत्तीस पोरं एका आवाजात नापास झाली की ते शास्त्र लटपटतं. शर्वरी पडद्याकडं बघत उभी होती. मग तिनं पर्यवेक्षकाचं ओळखपत्र गळ्यातून काढून खिशात घातलं, लोलकाशी आली आणि गोळा बाजूला ओढला.

"लाभ," ती म्हणाली.

चाळीस पूर्णांक एक. तेहतिसावी लाल ओळ तिच्या नावाची आली. "नववीतलं पान फाडलंत ते बरं केलंत मामा," ती म्हणाली. "गुणकाचं पानही फाडायला हवं होतं. आता मी फाडते." तिनं मामांचा कबुलीचा कागद घेतला, खाली स्वतःची सही केली आणि त्याच कागदावर गुणकाचा आकडाही लिहिला, जो कंपनीबाहेर कुणाला माहीत नव्हता. बत्तीस वाचनं आणि तो कागद तिनं तिथल्या तिथं पुण्याच्या परीक्षा खात्याला पाठवले.

थोरातबाई टेबलाशी बसून निकालाचा तक्ता भरत होत्या. बसलेले विद्यार्थी: बत्तीस. पुढचा रकाना उत्तीर्णांचा. बाईंचं पेन तिथं अडलं. सहा वर्षं त्या रकान्यात त्यांनी फक्त वरचाच आकडा उतरवला होता. फाटकावरचा फलक त्यांच्या डोळ्यांपुढं आला असणार.

"शून्य," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "माझ्या शाळेचा निकाल शून्य."

"बाई," मागून ओवी म्हणाली, "शून्य न्हाई. लाभ."

थोरातबाईंनी मान वर करून ओवीकडं बघितलं, मग मामांकडं, मग कपाळावरचा घाम पुसला. आणि त्या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: लाभ.

गोळा सुटला होता; एक म्हणायची पाळी आता पुण्याची होती.